पारंपरिक आकाशकंदील घरी कसा करावा: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

दिवाळीचा कंदील घरी करायचा असे ठरले की बहुतेक जण प्रथम कागदाच्या दुकानात जातात, रंग निवडतात, सोनेरी पट्ट्या आणि टिकल्या घेतात आणि सांगाड्याचा विचार घरी आल्यावर करतात. माझ्या अनुभवात कंदील बिघडतो तो याच क्रमामुळे. कागद कितीही सुंदर असला तरी वाकड्या सांगाड्यावर तो ताणून बसत नाही, त्याला सुरकुत्या पडतात, आणि आतला दिवा लागला की प्रत्येक सुरकुती काळ्या रेघेसारखी दिसते. म्हणून या लेखात निम्मी जागा कामट्यांना दिली आहे. वाचकांनीही निम्मा वेळ कामट्यांना द्यावा, अशी मनापासून विनंती आहे.

येथे सांगितलेला कंदील म्हणजे सहा चौकोन आणि आठ त्रिकोण असलेला, खाली झिरमिळ्या सोडलेला, आपल्याकडे घरोघरी होत आलेला कंदील. त्याला एकाच मापाच्या चोवीस कामट्या लागतात. आकार पाहताना गुंतागुंतीचा वाटतो, पण सगळ्या कामट्या सारख्या असल्यामुळे नवशिक्यासाठी याच्याइतका सोयीचा दुसरा आकार नाही. चांदणीचा कंदील दिसायला सोपा असला तरी त्याची टोके जुळवताना पहिल्यांदा करणाऱ्याचा हात थकतो. कामाला दोन निवांत संध्याकाळी आणि मध्ये एक रात्र वाळवणीसाठी लागते. कोजागरी झाली की सुरुवात करावी, म्हणजे वसुबारसेला कंदील टांगता येतो आणि घाई होत नाही.

साहित्य आणि ते निवडण्याची रीत

कामट्या बुरुडाकडे मिळतात. पुण्यात बुरूड आळीत, आणि इतर गावांत सुपे-टोपल्या विकणाऱ्यांकडे सांगून ठेवले तर ते हव्या त्या रुंदीच्या कामट्या सोलून देतात. पाव इंच रुंद आणि अडीच-तीन मिलिमीटर जाड कामटी आपल्या कामाला योग्य असते. याहून पातळ कामटी कागदाच्या ताणाने आत वाकते, आणि जाड घेतली तर गाठी नीट बसत नाहीत. कामटी निवडताना ती दोन्ही हातांत धरून हलकेच कमान करून पाहावी. सगळीकडे सारखी वाकली तर ती चांगली. एका जागी कोन करून वाकत असेल, तर तिथे बांबूचे पेर आले आहे किंवा ती आतून चिरली आहे असे समजून बाजूला ठेवावी. चोवीस हव्या असल्या तरी तीस घ्याव्यात.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत कामट्या मिळण्याची पंचाईत असते. तिथे वाण्याच्या दुकानात कबाब भाजण्यासाठीच्या बांबूच्या गोल सळया बारा इंच लांबीच्या मिळतात. त्या कापून वापरता येतात, फक्त गोल असल्यामुळे गाठ सरकू नये म्हणून प्रत्येक गाठीवर गोंदाचा थेंब टाकणे तिथे अत्यावश्यक ठरते. लहान मुलांबरोबर वीतभर कंदील करायचा असेल, तर खराट्याचे हीर पुरतात.

कागद तीन प्रकारचा घ्यावा. खिडक्यांसाठी, म्हणजे ज्यातून उजेड बाहेर येणार त्या भागासाठी, पतंगी कागद घ्यावा. त्याचा ताव साधारण २० बाय ३० इंचांचा असतो, तरी दुकानात मोजून घेणे चांगले. नक्षीसाठी एका बाजूने चकचकीत असलेला घोटीव कागद आणि कडांसाठी सोनेरी कागद लागतो. झिरमिळ्या पतंगी कागदाच्याही होतात आणि क्रेप कागदाच्याही. मला पतंगी कागदाच्या आवडतात, कारण वाऱ्याच्या झुळकीने त्यांचा जो सळसळ आवाज होतो तो क्रेपला येत नाही. जिलेटिन कागद मात्र खिडक्यांना लावू नये. तो खळीने चिकटत नाही, ताणला तर कडेपासून फाटत जातो, आणि त्यातून आतला दिवा उघडा दिसतो. कंदिलाचा उजेड कागदात पसरलेला हवा, डोळ्यांत थेट शिरणारा नको.

जाड हातकागदाचा मोहही अनेकांना होतो. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे तो कागद आपल्या ओळखीचा आहे, आणि भेटकार्डांना, पाकिटांना त्याच्यासारखा कागद नाही. पण कंदिलाच्या खिडकीतून तो फारसा उजेड सोडत नाही, म्हणून येथे तो नको. पुण्याला बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक, मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीट या ठिकाणी कागदाचे प्रकार समोरासमोर ठेवून पाहता येतात. तिथे गेल्यावर एक गोष्ट अवश्य करावी: निवडलेला ताव उजेडाकडे धरून पाहावा. गल्ल्यावर ठेवलेला गडद जांभळा कागद सुंदर दिसतो आणि दिव्यावर काळपट होतो. उलट फिका वाटणारा पिवळा कागद दिव्यावर उजळून निघतो.

रंगांचे प्रमाण असे ठेवावे की चौकोनांना एक गडद रंग आणि त्रिकोणांना पांढरा किंवा पिवळा. नऊ इंची कामट्यांच्या कंदिलाला चौकोनांसाठी एक ताव, त्रिकोणांसाठी एक ताव आणि झिरमिळ्यांसाठी दोन ताव पुरतात. पहिल्यांदा करणाऱ्याने चौकोनांचा आणि त्रिकोणांचा एकेक ताव जास्तीचा घ्यावा, कारण एखादी खिडकी फाटतेच, आणि त्याच रंगाचा दुसरा ताव आठवड्याने मिळेल याची खात्री नसते.

याशिवाय स्टीलची पट्टी, कटर, धारदार कात्री, काचकागद, पतंगाचा साधा दोरा आणि मैदा लागतो. दोरा साधाच घ्यावा, मांजा मुळीच घेऊ नये. प्लॅस्टिकची पट्टी कटरने सोलली जाते आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते, म्हणून स्टीलच्या पट्टीचा आग्रह धरला आहे.

खळ

फेव्हिकॉल घरात असताना खळ कशासाठी शिजवायची, असे नवीन माणसाला वाटते. त्याची दोन कारणे आहेत. फेव्हिकॉल लवकर धरतो, त्यामुळे कागद एकदा टेकला की सरकवता येत नाही. खळ मात्र दोन-तीन मिनिटे ओली राहते आणि कागद बोटाने ओढून सरळ करण्यास अवधी देते. दुसरे कारण पुढच्या वर्षीचे आहे: खळीने चिकटवलेला कागद ओल्या फडक्याने सुटतो आणि तोच सांगाडा पुन्हा वापरता येतो. फेव्हिकॉलचा थर कामटीवरून खरवडत बसावे लागते.

दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात कालवावा आणि एकही गुठळी राहणार नाही असा फेटावा. वाटीभर पाणी पातेल्यात गरम करून त्यात हे मिश्रण धार धरून ओतावे आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे. आधी ते दुधासारखे पांढरे दिसते. तीन-चार मिनिटांत ते जड होऊ लागते, चमचा फिरवताना तळ दिसतो, आणि पांढरेपणा जाऊन त्याला पेजेसारखी चमक येते. हीच खळ शिजल्याची खूण आहे. पांढरी असतानाच उतरवली तर ती वाळल्यावर पावडर होऊन सुटते. उतरवल्यावर वर साय धरू नये म्हणून गार होईपर्यंत अधूनमधून ढवळावे आणि मग पातळ फडक्यातून गाळून घ्यावे. बाहेर ठेवलेली खळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

पुस्तके बांधणारे कारागीर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी असते. घरात मुले हात बुडवून काम करणार असतील, तर ते अजिबात घालू नये. महिनाभर टिकणाऱ्या कंदिलाला त्याची गरजही नसते.

सांगाडा

प्रत्येक कामटी साडेनऊ इंच लांब कापावी आणि दोन्ही टोकांपासून पाव इंचावर पेन्सिलीने खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर नऊ इंच आले पाहिजे. एक कामटी नीट मोजून तिला नमुना धरावे आणि उरलेल्या तेवीस तिच्याशी लावून खुणा कराव्यात. प्रत्येक वेळी पट्टीने मोजले तर प्रत्येक वेळी थोडी चूक होते, आणि चोवीस लहान चुका शेवटच्या चौकोनाजवळ एकत्र येऊन भेटतात. खुणेवर कटरने अगदी बारीक खाच पाडावी, म्हणजे दोरा सरकत नाही. मग काचकागदाने कडा घासाव्यात. बांबूचे कुसळ बोटात गेले तर दुखतेच, पण न घासलेल्या कडेला लागून पतंगी कागदही फाटतो, आणि तो बहुधा शेवटची खिडकी लावताना फाटतो.

आता चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधावेत. एका कामटीच्या खाचेवर दुसरीची खाच आडवी ठेवून दोऱ्याचे तीन वेढे एका तिरकस दिशेने आणि तीन वेढे दुसऱ्या तिरकस दिशेने घ्यावेत, दोरा घट्ट ओढून दोन गाठी माराव्यात आणि गाठीवर गोंदाचा थेंब टाकावा. गोंद वाळण्यापूर्वी चौकोन काटकोनात आणणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी गुण्या लागत नाही. समोरासमोरच्या खाचांमधले दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे, म्हणजे साधारण पावणेतेरा इंच आले, की चौकोन बरोबर झाला. एक कर्ण मोठा आला तर त्याच्या दोन टोकांना आत दाबावे आणि पुन्हा मोजावे. सहाही चौकोन जमिनीवर सपाट ठेवून, वर पुस्तके ठेवून अर्धा तास वाळू द्यावेत.

यानंतरची जोडणी शब्दांत अवघड वाटते, पण चौकोन हातात घेतल्यावर सहज उमगते. एक चौकोन जमिनीवर सपाट ठेवावा. हा कंदिलाचा तळ. त्याच्या चार कोपऱ्यांवर उरलेल्यांपैकी चार चौकोन शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे करावेत आणि प्रत्येकाचे खालचे टोक तळाच्या कोपऱ्याशी बांधावे. उभे केलेले चौकोन सुरुवातीला इकडेतिकडे कलंडतात, म्हणून येथे दुसऱ्या माणसाचे दोन हात लागतात. आता शेजारशेजारच्या उभ्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांशी बांधावेत. चार उभे चौकोन, चार बांध. असे केले की एक कडे तयार होते आणि वर चार टोके मोकळी राहतात. त्या चार टोकांवर सहावा चौकोन ठेवून त्याचे चार कोपरे बांधले की सांगाडा पूर्ण होतो. चौकोनांच्या चोवीस आणि जोडणीच्या बारा मिळून छत्तीस गाठी होतात. चौकोनांच्या मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतील. ते वेगळे बांधावे लागत नाहीत, आणि मुलांना ही गोष्ट नेहमी चमत्कारासारखी वाटते.

याच ठिकाणी थांबून सांगाडा वरून हलक्या हाताने पिळून पाहावा. तो पिळला जातो. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, पण चौकोन गाठीवर फिरून कलतो, आणि सहाही चौकोन एकाच वेळी कलले की सगळा कंदील पिळवटतो. मी पहिल्यांदा केलेल्या कंदिलात हे मला माहीत नव्हते. सगळा कागद लावून झाला, रात्रभर वाळला, आणि सकाळी कंदील पाहिला तर ओल्या फडक्यासारखा एका बाजूला पिळलेला होता. कागद वाळताना आखडतो आणि जिकडे जोर जास्त पडेल तिकडे सांगाड्याला ओढून नेतो. त्यावर उपाय सोपा आहे. तळाच्या आणि चार उभ्या चौकोनांच्या दोन्ही कर्णांवर पातळ पांढरा दोरा ताणून बांधावा. वरच्या चौकोनाला दोऱ्याऐवजी एका कर्णावर एक लांब कामटी बांधावी. तिच्यावरच पुढे दिव्याचा होल्डर बसतो, आणि तिच्या बाजूने दिवा बदलण्यासाठी हात आत जाण्याइतकी जागा राहते. दोरे ताणताना पुन्हा कर्ण मोजावेत. आता सांगाडा पिळून पाहिला तर तो हलणार नाही.

पूर्ण सांगाड्याची उंची पावणेतेरा इंच आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची रुंदी सुमारे दीड फूट भरते. गॅलरीचे दार किंवा जिना अरुंद असेल, तर हा हिशोब आधीच करून आठ इंची कामट्या घ्याव्यात.

कागद कापणे आणि नक्षी

चौकोनांचा कागद दहा इंच बाय दहा इंच कापावा, म्हणजे चारही बाजूंना अर्धा इंच पदर राहतो. २० बाय ३० च्या तावातून असे बरोबर सहा तुकडे निघतात. कंदिलाचा माथा आणि तळ उघडे ठेवायचे असल्याने लागतात चारच, दोन हाताशी राहतात. त्रिकोणासाठी जुन्या पुठ्ठ्यावर पावणेअकरा इंच बाजूचा समभुज त्रिकोण काढून कापून घ्यावा आणि तो साचा तावावर एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवत जावे. एका पट्ट्यात चार आणि दोन पट्ट्यांत आठ त्रिकोण बसतात. पाच-सहा कागद एकावर एक ठेवून कापण्याचा मोह टाळावा. पतंगी कागद कटरखाली सरकतो आणि खालचे तुकडे लहान होतात. एका वेळी दोन कागद पुरेत.

नक्षी चौकोनावर कंदिलाला लावण्यापूर्वीच, कागद जमिनीवर सपाट असतानाच चिकटवावी. घोटीव कागदाचा सहा इंचांचा चौकोन घेऊन तो मधोमध दुमडावा, पुन्हा मधोमध दुमडावा, आणि मग मध्याच्या टोकापासून तिरका दुमडून आठ पदरांची पाचर करावी. बंद कडांवर अर्धगोल, पान किंवा लहान त्रिकोण कातरावेत आणि एका कडेचा काप दुसऱ्या कडेच्या कापाला भेटू देऊ नये, नाहीतर उलगडताना जाळीचे दोन तुकडे होतात. शाळेतले कातरकाम आठवणाऱ्यांना यात नवीन काही नाही. येथे एवढेच ध्यानात ठेवावे की घोटीव कागदातून उजेड जात नाही. दिवसा त्याचा रंग दिसतो आणि रात्री त्याची फक्त काळी आकृती दिसते. त्यामुळे रंगापेक्षा कापांचा आकार मोलाचा ठरतो, आणि फार नाजूक जाळी दुरून गिचमिड दिसते. जाळीचे काप बोटाएवढे मोठे ठेवले तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ती जाळी ओळखू येते. जाळीच्या मागे सगळीकडे खळ न लावता दहा-बारा ठिपके लावून ती चिकटवावी, म्हणजे खालचा पतंगी कागद चुरगळत नाही.

पतंगी कागदाच्या आणखी एका गुणाचा उपयोग करता येतो. दोन रंगांचे थर एकावर एक आले की दिव्यावर त्यांचा मिळून तिसरा रंग दिसतो. पिवळ्या खिडकीच्या मागे निळ्या कागदाचे पान चिकटवले तर दिवसा जेमतेम दिसणारे ते पान रात्री हिरवे होऊन उमटते.

खिडक्या लावणे

आधी सगळे त्रिकोण, मग चौकोन, हा क्रम पाळावा. पांढरा किंवा फिका कागद खाली आणि गडद कागद वर आला की कडा स्वच्छ दिसतात.

एक त्रिकोण लावण्याची कृती सावकाश सांगतो, कारण बाकीच्या अकरा खिडक्या तिचीच पुनरावृत्ती आहेत. सांगाडा असा ठेवावा की निवडलेला त्रिकोण आपल्या तोंडासमोर येईल. खळ कागदाला न लावता तीन कामट्यांच्या बाहेरच्या बाजूला बोटाने पातळ लावावी. पतंगी कागदाला ओली खळ लागली की तो लगेच मऊ पडतो आणि उचलताना फाटतो. कागदाची तिन्ही टोके कात्रीने छाटून घ्यावीत, म्हणजे कोपऱ्यांवर घड्यांचा ढीग होत नाही. कागद दोन्ही हातांच्या चिमटीत आडवा धरून प्रथम एका कामटीच्या मधोमध टेकवावा आणि तिथून दोन्ही कोपऱ्यांकडे अंगठा फिरवावा. मग समोरचे टोक हलकेच ओढून वरच्या कोपऱ्यावर टेकवावे, आणि शेवटी उरलेल्या दोन कामट्यांवर मध्यापासून कोपऱ्यांकडे जावे. या टप्प्याला कागद नगाऱ्यासारखा ताठ नसतो. तो सपाट असला आणि सुरकुती नसली एवढे पुरे, वाळताना तो आणखी ताणला जातो. सुरकुती दिसली तर बोटाने दाबून ती पुसण्याचा प्रयत्न करू नये. जवळची कड अलगद उचलून कागद पुन्हा ओढावा. शेवटी बाहेर राहिलेल्या पदराला आतून खळ लावून तो कामटीवरून आत वळवावा.

आठही त्रिकोण लावल्यावर अर्धा तास थांबावे. मग चार उभे चौकोन त्याच रीतीने लावावेत, मात्र त्यांचा पदर आत वळवता येत नाही, कारण त्या कामटीच्या पलीकडे आता त्रिकोणाचा कागद आहे. तो पदर कामटीच्या बाहेरच्या अंगावरच चिकटवावा आणि ओला असतानाच जास्तीचा भाग कामटीच्या कडेने नव्या पात्याने कापून टाकावा. पदर त्रिकोणावर अर्धा इंच तसाच राहू दिला, तर दिव्यावर त्याची गडद पट्टी दिसते. कापताना पाते जवळजवळ आडवे धरावे, उभे धरले तर खालची खिडकी कापली जाते.

पंख्याखाली किंवा उन्हात वाळवू नये. एक बाजू लवकर वाळली की ओढ असमान पडते. सावलीत, तळाखाली दोन पुस्तके ठेवून रात्रभर राहू द्यावा. सकाळी खिडकीवर नखाने टिचकी मारली तर टणक आवाज येतो, तेव्हा काम साधले असे समजावे. एखादी पांढरी खिडकी सैल राहिली असेल, तर तिच्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा, वाळताना ती ताणली जाते. रंगीत कागदावर हा उपाय करू नये, त्याचा रंग ओघळतो.

सोनेरी कडा आणि झिरमिळ्या

सोनेरी कागदाच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या सगळ्या चोवीस कडांवर चिकटवाव्यात. त्या जोड झाकतात आणि कंदिलाला रेखीवपणा देतात. सोनेरी कागदाला मात्र खळ धरत नाही, तेथे फेव्हिकॉल वापरावा.

झिरमिळ्यांसाठी तावाचे नऊ इंच बाय वीस इंचांचे तुकडे करावेत. एका तावातून तीन निघतात आणि तळाच्या चार बाजूंना चार लागतात, म्हणून दोन ताव सांगितले होते. प्रत्येक तुकड्याची उभ्या दिशेने दोन-तीनदा घडी घालून, वरचा दोन इंच भाग सोडून, अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कात्रीने कापाव्यात. उलगडून वरची पट्टी तळाच्या कामटीवर दुमडून चिकटवावी. उरलेल्या कागदाच्या लहान झिरमिळ्या करून मधल्या चार कोपऱ्यांवर लावल्या की कंदील भरल्यासारखा दिसतो. चार कोपऱ्यांवर चार वेगळे रंग घेऊ नयेत, असे माझे मत आहे. झिरमिळ्या एकाच रंगाच्या, फार तर दोन रंगांच्या असाव्यात.

दिवा आणि टांगणी

कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नये, आणि जुना तारेचा दिवाही वापरू नये, तो तापतो. सात किंवा नऊ वॅटचा एलईडी दिवा पुरतो. होल्डर वरच्या लांब कामटीला अशा उंचीवर बांधावा की दिवा कंदिलाच्या मध्यावर येईल. तिथून प्रत्येक चौकोनी खिडकी सव्वासहा इंचांवर असते, त्यामुळे उजेड सारखा पसरतो आणि कागद सुरक्षित राहतो. लाल, केशरी, पिवळ्या कागदासाठी पिवळसर उजेडाचा दिवा घ्यावा. निळा-हिरवा कागद असेल तर पांढरा दिवा बरा, कारण पिवळ्या उजेडात निळा कागद मळकट दिसतो.

टांगण्यासाठी माथ्याच्या चार कोपऱ्यांना सव्वा-सव्वा फुटाच्या चार सारख्या नायलॉन दोऱ्या बांधून त्या वर एकत्र गाठवाव्यात. कंदिलाचे वजन दोरीवर पडले पाहिजे, विजेच्या वायरवर नाही, म्हणून वायर दोरीपेक्षा थोडी सैल ठेवून दोन ठिकाणी दोरीला बांधावी. वायरला मध्ये जोड नसावा. असलाच तर तो घराच्या आत यावा.

दिवाळी ऑक्टोबरात आली की परतीच्या पावसाची एखादी सर हमखास येते. एका वर्षी माझा गुलाबी कंदील संध्याकाळभर भिजला आणि त्याचे ओघळ पांढऱ्या भिंतीवर उतरले, ते रंग देईपर्यंत गेले नाहीत. म्हणून कंदील छपराच्या आत हातभर घेऊन टांगावा. उघड्यावर टांगण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पारदर्शक प्लॅस्टिकचा गोल तुकडा दोरीत ओवून कंदिलाच्या वर चार बोटे अंतरावर छत्रीसारखा बसवावा. तो कागदाला टेकला तर आत बाष्प धरते आणि खिडक्या सैल पडतात. आभाळ भरून आले की दिवा बंद करून कंदील आत घेणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय.

अनेक घरांत कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. तोवर उन्हाने रंग विटलेले असतात. उतरवल्यावर प्रथम सोनेरी पट्ट्या सोलाव्यात, मग ओल्या फडक्याने कामट्या भिजवून दहा मिनिटांनी कागद काढावा, तो अखंड निघतो. कर्णांवरचे दोरे तसेच राहू द्यावेत. सांगाडा पुसून, दिवसभर सावलीत वाळवून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवावा, आणि वर काही ठेवू नये. पुढच्या कोजागरीला तो खाली काढल्यावर आधी सगळ्या गाठी बोटाने चाचपाव्यात, सैल झालेल्या पुन्हा बांधाव्यात आणि कर्ण मोजावेत. कागदाच्या दुकानात त्यानंतर जावे.